चाकणच्या बसमधली लव्हस्टोरीवाली

किश्शांचं कसं असतं, की ते गोळा करायला जावं लागत नाही. दारातल्या चपलांसारखे ते आपोआप साठतात. एक दिवस दार उघडायला गेलं की दारच उघडत नाही!

मी आकुर्डीला राहते. चाकणला गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवणाऱ्या कंपनीत लाइनवर आहे. आणि मोबाइलवरच्या एका ॲपवर ‘मधुरा’ या नावाने प्रेमकथा लिहिते. क्रमशः. खरं नाव रंजना. कंपनीच्या बसमध्ये सगळ्या मला ‘लव्हस्टोरीवाली’ म्हणतात. जाता-येता बसमध्येच लिहिते, कारण तेवढाच वेळ माझा असतो.

लोक विचारतात, “ताई, तुम्हाला एवढं रोमँटिक सुचतं कुठून?”

आता ऐका, कुठून सुचतं ते.

*

बसमध्ये माझ्या शेजारी शोभाताई बसतात. माझ्यापेक्षा मोठ्या, तोंडाने फटकळ. माझी पहिली गाजलेली कथा त्यांनी वाचली आणि मोबाइल माझ्या मांडीवर टाकला.

“काय गं, हिरो तुझा फॅक्टरीत आहे ना?”

“हो.”

“मग त्याचे हात मऊ कसे? तिच्या केसांतून लांबसडक बोटं काय फिरवतोय! प्रेसवर काम करणाऱ्याचे हात कधी बघितलेस का?”

शोभाताईंच्या नवऱ्याची, भाऊसाहेबांची, उजव्या हाताची बोटं पॉवर प्रेसमध्ये गेली आहेत. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद होता. प्रॉडक्शन वाढावं म्हणून तो बंदच ठेवायचे.

पुढच्या कथेत मी हिरोची बोटं घालवली. अपघात लिहिला, हॉस्पिटल लिहिलं, आणि नायिका त्याच हाताला मेंदी लावते असा प्रसंग लिहिला. लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

कमेंट्सचा पाऊस! पण काय? “ताई, प्लीज त्याला बरा करा.” “ताई, असा हिरो नको ना.” एकीने तर लिहिलं, “पुढच्या भागात ऑपरेशन करून बोटं परत लावा!”

शोभाताईंनी ती कमेंट घरी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. भाऊसाहेब डाव्या हाताने जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “रंजनाला विचार, कितव्या भागात लावणार आहे. मीपण येतो.”

*

आमची कंपनी जिथे उभी आहे, तिथे आधी शेती होती. त्या शेताची मालकीण सखूआक्का अजून आहेत. आमच्या लाइनवरची एक मुलगी त्यांच्या खोलीत भाड्याने राहते, म्हणून माझी ओळख झाली. मला जुन्या काळातली प्रेमकथा लिहायची होती. म्हटलं, आक्कांना विचारू.

“आक्का, तुमचं लव्ह मॅरेज की अरेंज?”

“आमच्यात परेम न्हाई बगत,” आक्का म्हणाल्या. “सातबारा बगत्यात.”

मी हसले. त्या नाही हसल्या. थोड्या वेळाने स्वतःच सांगायला लागल्या.

“लगीन ठरलं व्हतं, पर मी त्याला नीट बगितलाबी नव्हता. त्येंच्या हिरीवर मी धुनं घिऊन गेले, तर ह्यो आत पवत व्हता. मला बगितलं आन बाहीरच येईना! लाजला गं. मी मुद्दाम दमानं धुनं धुतलं. वठ निळं पडलं त्याचं, पर न्हाई म्हंजे न्हाई आला वर!”

म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली. विहीर बुजवून त्यावर आता कंपनीचं पार्किंग आहे.

आमच्याकडे फॅमिली डे असतो. घरच्यांना कंपनी दाखवायची, फुगे, संगीत खुर्ची, नाश्ता. मी आक्कांना माझी मावशी म्हणून आत नेलं. मशिनी त्यांनी बघितल्याच नाहीत. सरळ पार्किंगमध्ये गेल्या. समोरचा डोंगर बघत दोन पावलं इकडे, दोन तिकडे असं करत एका ठिकाणी थांबल्या. चपला काढल्या आणि डांबरावर अनवाणी उभ्या राहिल्या. ऊन रणरणत होतं.

तेवढ्यात साहेबांची गाडी रिव्हर्स यायला लागली. सिक्युरिटीवाला ओरडला, “आजी, बाजूला व्हा! गाडी येतेय!”

आक्का जागच्या हलल्या नाहीत. ड्रायव्हरला हात करून म्हणाल्या, “दमानं घे रं बाबा. खाली मानूस पवतंय.”

*

माझ्या प्रत्येक कथेच्या शेवटी एक ओळ असते. ‘ज्यांच्यामुळे सुचलं, त्यांना.’ वाचकांना वाटतं, हा नवरा असणार. “ताई, तुमचे मिस्टर किती रोमँटिक असतील!” अशी कमेंट आठवड्यातून एकदा तरी येतेच.

माझे मिस्टर, प्रदीप. त्यांची कंपनी बंद झाली आणि प्लांट दुसऱ्या राज्यात गेला. तेव्हापासून ते घरी आहेत. आधी काम शोधलं. मग नुसतं ‘शोधतोय’ म्हणायचे. मग तेही म्हणणं थांबलं. मारत नाहीत, पीत नाहीत. बोलतच नाहीत. खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. भाजीत मीठ नसलं तरी तसंच खातात.

लातूरची एक वाचक होती. तिच्या मुलीला आमच्याकडच्या कॉलेजला ॲडमिशन मिळाली. मुलीला सोडायला आली तेव्हा मेसेज केला, “मॅडम, तुम्हाला भेटल्याशिवाय जाणार नाही!” म्हटलं, या रविवारी.

ती आली तेव्हा मी दूध आणायला खाली गेले होते. दार प्रदीपनी उघडलं. मी जिन्यातच होते, सगळं ऐकू आलं.

“मधुरा मॅडमचं घर हेच ना? आणि… दादा, ते तुम्हीच का? ज्यांच्यावर मॅडम लिहितात?”

दाराची कडी एकदा वाजली.

मग प्रदीप म्हणाले, “ते वारले.”

“अगं आई! कधी?”

“झाले दिवस.”

“मग आपण?”

“मी असतो इथे.”

मी वर पोचले तर त्या बाईने मला मिठीच मारली. ढसाढसा रडायला लागली. पिशवीतून दूध गळत होतं आणि ती माझी पाठ चोळत होती. “ताई, एवढं दुःख पोटात ठेवून तुम्ही आम्हाला हसवता!” पोहे केले, पण तिने बशी तशीच ठेवली. प्रदीपनीच तिला पाणी आणून दिलं. पाण्याचा ग्लास घेताना ती त्यांना म्हणाली, “दादा, यांच्याकडे लक्ष असू द्या.” त्यांनी मान हलवली.

ती गेली. मी कपबशा उचलत होते. कितीतरी महिन्यांनी प्रदीप आपणहून बोलले.

“बाई चांगली होती,” म्हणाले. “माझ्यासाठी रडली.”

*

आमचे सुपरवायझर जगताप सर. लाइनवर फोन दिसला की जप्त करणारे. एकदा मला बाजूला बोलावलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शोभाताई पुटपुटल्या, “गेली लव्हस्टोरीवाली!”

सर म्हणाले, “ती मधुरा म्हणजे तुम्हीच ना?”

“हो सर. पण मी कंपनीच्या वेळेत नाही लिहीत. बसमध्येच…”

“ते नाही विचारत. आता जी चालू आहे ती कथा. ती दोघं शेवटी भेटतात का?”

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“मिसेस वाचते माझी,” सर खाली बघून म्हणाले. “हॉस्पिटलमध्ये आहे. डॉक्टर म्हणतात, आता घरी न्या. शेवटच्या भागापर्यंत… म्हणजे, किती भाग बाकी आहेत?”

मी पटकन म्हणाले, “भेटतात सर! लग्न होतं दोघांचं. गोड शेवट आहे.”

दुसऱ्या दिवशी सर परत आले. “ती म्हणते, बाईला सांगा, मला गंडवू नका. खरं काय होतं ते सांगा.”

खरं सांगायचं तर शेवट मी ठरवलाच नव्हता. हातात वायर होती, टर्मिनल होतं, मागे हूटर वाजत होता. मी म्हणाले, “नाही भेटत, सर. तो परत येत नाही. ती नोकरी करते, एकटी राहते. रविवारी स्वतःसाठी चांगलंचुंगलं करून खाते. बरी राहते.”

“बरी राहते?”

“हो. बरी राहते.”

त्यानंतरच्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. टोकाला टर्मिनल दाबून बसवलेली वायर ओढून बघत होते. उगाच. ती चेक झालेली होती.

“हसली,” ते म्हणाले. “म्हणाली, आता पटलं. आणि मग मला म्हणाली, तुम्हीपण असंच करायचं.”

त्याच आठवड्यात त्या गेल्या. दिवसकार्य आटोपून सर कामावर आले, तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. आधी ते कँटीनला जेवायचे. डब्यात काय आहे हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. शोभाताईंनी फक्त वास घेतला आणि मला हळूच म्हणाल्या, “फोडणी करपलीय. पण स्वतः दिलेली दिसतेय.”

मी त्या कथेचा शेवट तोच ठेवला. वाचकांनी मला फाडून खाल्लं. एकीची कमेंट अजून आठवते. “ताई, काहीही काय! असं खऱ्या आयुष्यात असतं का कुठे?”

*

आता प्रतीक्षाचं सांगते.

आमच्या बसमधली सगळ्यात लहान. माझ्यासारखीच बौद्ध घरातली, वडील पिंपरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. तिचं आणि डिस्पॅचमधल्या ओंकारचं जमलं. तो तळवड्याकडच्या जुन्या गावकरी घरातला. जमीन, गाड्या, पाहुणेरावळे, सगळं. त्याला नोकरीची गरजही नव्हती. पण मुलगा साधा होता. प्रतीक्षासमोर आला की हातातला कागद उलटा धरायचा.

घरी सांगायची वेळ आली, तेव्हा दोघं माझ्याकडे आले. ओंकार म्हणाला, “ताई, तुम्ही लिहून द्या ना. मला पप्पांसमोर बोलता येत नाही.” मी दिलं लिहून. जीव ओतून लिहिलं. त्याने पाठ केलं, बसस्टॉपवर आम्हाला म्हणून दाखवलं. शोभाताईंनी डोळे पुसले!

घरी त्याने ते वडिलांसमोर म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. वडिलांनी चहा पीत शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “झालं?”

“हो.”

“चांगलं आहे. कुणी लिहून दिलं?”

दुसऱ्या दिवशी ओंकार कामावर आला नाही. नंतरही नाही. फोन बंद. कुणी म्हणालं साताऱ्याला मामाकडे आहे, कुणी म्हणालं राजीनामा भावाने आणून दिला. प्रतीक्षा रोज येत होती. कार्ड पंच करायची, टार्गेट पूर्ण करायची, डबा खायची.

आणि एका सकाळी तळवड्याच्या चौकात फ्लेक्स लागला. दुमजली इमारतीएवढा. ‘चि. ओंकार यांच्या शुभविवाहानिमित्त हार्दिक शुभेच्छा!’ खाली गॉगल घातलेल्या मित्रांचे फोटो. मध्ये ओंकार. जीन्स, निळा शर्ट, वाऱ्याने विस्कटलेले केस, समोर बघून हसतोय.

सिग्नल लाल. आमची बस बरोबर त्याच्याखाली थांबली.

शोभाताई उठल्या, ओढणी सोडली आणि प्रतीक्षाच्या खिडकीवर धरली. “ऊन येतंय गं,” म्हणाल्या. बाहेर ढगाळ होतं! मागच्या खिडकीवर दुसरीने शाल धरली. बघता बघता त्या बाजूच्या सगळ्या खिडक्या झाकल्या. सिग्नल सुटेपर्यंत बायका हात वर करून उभ्या.

असं तीन-चार दिवस चाललं. मग एके सकाळी ड्रायव्हर मारुतीकाकांनी निगडीहून बस तळवड्याला वळवलीच नाही. भोसरी, मोशी करत हायवेने घेतली. मोशीचं ट्रॅफिक म्हणजे काय सांगू! सगळ्यांना लेट मार्क. जगताप सरांनी काकांना विचारलं, “रस्ता का बदलला?” काका म्हणाले, “तिकडं खड्डे हायती.” सरांनी बसमधून उतरणाऱ्या आमच्याकडे बघितलं, प्रतीक्षाकडे बघितलं, आणि म्हणाले, “असतील.”

रोज लेट. कोणी तक्रार केली नाही.

शेवटी एक दिवस निगडीला प्रतीक्षा उठून पुढे गेली. काकांच्या मागचा दांडा धरून म्हणाली, “काका, आज आपल्या रस्त्याने घ्या.”

“पोरी, राहू दे ना. मोशीवरनं जाऊ.”

“घ्या काका.”

काकांनी आरशात आमच्याकडे बघितलं. त्यांनी बस वळवली.

सिग्नल लालच मिळाला. फ्लेक्स एका कोपऱ्यात सुटला होता आणि वाऱ्याने फडफडत होता. शोभाताई सवयीने ओढणी घेऊन उठल्या. प्रतीक्षाने त्यांचा हात धरून हळूच खाली केला. काच सरकवली. मान वर करून बघत राहिली. ओंकार तिच्याकडे बघून हसत होता, हसतच होता.

मग ती माझ्याकडे वळली.

“ताई, फोटो छान आलाय ना त्याचा?”

मी वर बघितलं. म्हटलं, “हो गं. छान आलाय.”

“मी काढलाय,” ती म्हणाली.