मागून मारायची राहिलेली हाक

नांदुरा स्टेशनावर त्या सकाळी मला पोचवायला बाबा आणि माय आले होते. वाटभर बाबा बैलांशी बोलले, माझ्याशी नाही. एकुलता मुलगा कपाशीचं वावर सोडून बंगलोरच्या प्रयोगशाळेत निघालेला. त्यांनी आदल्या दिवशी एकदाच विचारलं होतं, "वावर कोण पाहीन?" मी ट्रंक भरत राहिलो.

गाडी आली. पाया पडलो, ट्रंक उचलली आणि डब्याकडे धावलो. दारात चढून वळलो तोवर गाडी हलली होती. फलाटावर बाबांचं तोंड उघडं होतं आणि मायनं त्यावर हात दाबून धरला होता. मला वाटलं, बाबा मला थांबवत होते, निदान काहीतरी कडू बोलणार होते, आणि मायनं त्यांना आवरलं. भुसावळला भूक लागली तेव्हा लक्षात आलं की भाकरीचं गाठोडं घरीच राहिलं असावं.

तुम्ही गावातली मंडळी पत्रातून विचारायचात, हा तिकडे करतो तरी काय? रेडिओसाठी छपरावर तार टाकतात, तो अँटेना तुम्हाला ठाऊक. माझा अँटेना आरशांचा. लेसरचा बारीक किरण आरशांनी रुंद करून सोडायचा, म्हणजे लांब जाताना तो कमी पसरतो. पलीकडच्या छपरावर तसल्याच आरशांनी तो गोळा करायचा. त्या उजेडावरून माणसाचा आवाज जातो. अट एकच, दोन्ही आरसे अगदी समोरासमोर हवेत. जरा वाकडं झालं की नुसती खरखर.

ऊन चढलं की छपरावरची हवा थरथरायची आणि किरण भरकटायचा. सगळे वैतागायचे. मला मात्र उन्हाळ्यातलं आमचं वावर दिसायचं आणि उगाच बरं वाटायचं. मी इडली खायला शिकलो, घरच्या पत्रात 'अलाइनमेंट' असले शब्द घालू लागलो, पण 'तुले', 'मले' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. बाबांची पत्रं यायची ती पावसाची आणि कपाशीची. त्या सकाळबद्दल त्यांनी लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांचा माझ्यावर राग आहे, हे मी धरूनच चाललो होतो.

काही वर्षांनी दोघं बंगलोरला आले. आरसे नुकतेच नीट जुळले होते, म्हणून साहेबांची परवानगी काढून एका सकाळी त्यांना पलीकडच्या छपरावर नेलं. बाबांनी यंत्राभोवती फिरून पाहिलं.

"तार कुठी हाय बे?"

"तार नाहीच, बाबा. मी समोरच्या छपरावर जातो. तुम्ही यात बोला."

इकडे येऊन मी कानाला हेडफोन लावला. आधी खरखर. स्क्रू किंचित फिरवला, तसा मायच्या बांगड्यांचा आवाज आला. मग तिचं बोलणं, "आता समोर हाय तो. सांगा आता."

बाबा खाकरले. मग म्हणाले, "तुह्यं भाकरीचं गाठोडं बाकड्यावर राह्यलं होतं. म्या हाक माराले तोंड उघडलं, तं तुह्या मायनं हात ठेवला. म्हने, निघालेल्या मानसाले मांगून हाक मारू नये. तुले थांबवत नोतो बापा. भाकरी द्याले हाक मारत होतो."

मी काही बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, आवाज तिकडून इकडेच येत होता. मी हात वर केला. पलीकडे दोन हात वर झाले. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

वावर बाबांनी पुढे चुलतभावाला करायला दिलं. माझं घर आता बंगलोरला आहे, आणि नांदुऱ्यालाही आहे. तिथून निघताना मी आता आधी सामान चढवतो, आणि फलाटाकडे तोंड करून दारात उभा राहतो. गाडी सुटेपर्यंत हलत नाही. कुणाला काही द्यायचं, सांगायचं राहिलं असेल, तर ती हाक मागून मारावी लागू नये.