काकांच्या गाडीचं तेल

"तेल खाली पडतं, पण दुखणं वर असतं," असं म्हणत काका अंगणातल्या फरशीवरच्या काळ्या डागाला बोट लावायचे. ते अंगठ्यावर चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि मगच गाडीखाली शिरायचे. साठी उलटलेला माणूस, पण पाठीवर सरपटत असा आत जायचा की बाहेर नुसत्या चपला दिसायच्या.

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात आमची घरं शेजारी. मी तिथल्या शाळेत शिकवते. काका डोलवीला कंपनीत फिटर होते, सगळी नोकरी पाइपांच्या गळत्या बंद करण्यात गेली. मूलबाळ नव्हतं. काका, काकी आणि दारातली जुनी गाडी एवढाच संसार. बिघाड दिसला की चेहरा खुलतो अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या मिक्सरपासून शाळेच्या पंपापर्यंत काहीही नेलं तरी ते म्हणायचे, "ठेव गो तिथं. बघतो."

मग काकींच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा पेणला डायलिसिस. परतताना त्यांना उलटी व्हायची, पायांत गोळे यायचे. काकांनी गाडीची पुढची डावी सीट काढून टाकली आणि मागच्या सीटपासून पुढपर्यंत फळी टाकून वर गादी घातली. काकी आडव्या होऊन येत. परक्या गाडीत उलटी झाली तर काय, याची त्यांना फार लाज. म्हणून ती गाडी बंद पडून चालणार नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच ती तेल गाळायला लागली.

सुरुवातीला काकांना हुरूपच आला. त्यांनी इंजिन रॉकेलनं पुसलं आणि काकींच्या डब्यातली टाल्कम पावडर त्यावर भुरभुरली. पांढऱ्यावर तेलाची वाट उमटते. वरच्या झाकणाचं रबरी गॅस्केट कडक झालेलं निघालं, ते बदललं. तीन दिवस फरशी कोरडी राहिली. चौथ्या दिवशी पुन्हा डाग. मग खालचा तेलाचा चेंबर उतरवला, नवं गॅस्केट लावून बसवला. डाग पुन्हा आला, उलट मोठा. बॅटरीचा उजेड धरायला मी असायचे. त्या दिवशी काका बराच वेळ खालून बाहेर आले नाहीत.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, तेल अडवणारं सील गेलं होतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गॅरेजात कामांची रांग, गॅरेजवाला गाडी चार दिवस ठेवून घेणार, आणि दोन डायलिसिसच्या मध्ये काकांकडे फार तर दोनच दिवस मोकळे असायचे. मग त्यांनी तेलाचा कॅन बरोबर ठेवला. वडखळच्या अलीकडे गाडी थांबवायची, तेल बघायचं, ओतायचं, पुढे निघायचं. काकी मला एकदा हळूच म्हणाल्या, "त्यांना सांग गो, मी रिक्षातून पण जाईन." मी सांगितलं. काका म्हणाले, "नाय."

एका शनिवारी त्यांनी गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. सोमवारच्या आत गिअरबॉक्स उतरवून सील बसवायचंच, असं ठरवलं होतं. रविवारी दुपारपर्यंत सगळे बोल्ट सुटले. गिअरबॉक्स जॅकवर अर्धा बाहेर आला आणि तिरका होऊन अडकला. काकांनी ओढला, मी एका हाताने बॅटरी धरून दुसऱ्याने ढकलला. तो ना बाहेर येईना, ना परत आत जाईना. पाना खाली ठेवून ते तसेच आडवे राहिले. ऊन उतरलं. आत काकी कप विसळत होत्या, तो आवाज येत होता.

"माझ्याच्यानं नाय होत गो," काका खालूनच म्हणाले. पंधरा वर्षांच्या शेजारात हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी बॅटरी बंद केली.

सोमवारी जवळच्या अष्टमी गावाहून भाड्याची गाडी बोलावली. मी रजा टाकून बरोबर गेले. परतताना नागोठण्याच्या आधीच काकींना उलटी झाली, सीट भरली. त्या पुन्हा पुन्हा ड्रायव्हरची माफी मागत होत्या. त्यानं गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली दिली आणि पाठ करून उभा राहिला. काकांनी सीट पुसली, मग काकींचं तोंड. काकांच्या नखांतलं काळं तेल निघालेलं नव्हतं. काकींनी तोच हात घर येईपर्यंत घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः जाऊन मेकॅनिकला घेऊन आले. त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं संध्याकाळपर्यंत काम संपवलं. काका ओट्यावर बसून बघत होते. गळती थांबली. त्यानंतर काकी जेमतेम दोन महिने होत्या.

पुढे काका पेणजवळ खाडीकाठच्या गावी धाकट्या भावाकडे राहायला गेले. गेल्या महिन्यात पेणच्या स्टँडवर दिसले. हातात भाजीची पिशवी, अंग पार वाळलेलं. गाडी भावाला दिली म्हणाले. मी तब्येतीचं विचारलं, तर त्यांनी भलतंच सांगितलं.

"डायलिसिसहून येताना ती डोळे मिटून असायची ना, मला वाटायचं झोपलीय. म्हणून मी बोलायचो नाय. आता वाटतं, जागी असेल."

रोह्याची एसटी लागली. "बस, जागा जाईल," म्हणत त्यांनी मला चढवलं. मी खिडकीतून हात केला. ते दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीकडे बघत उभे होते.