कमरुद्दीन कंपाउंडर आणि मुखरूचं पाणी

कमरुद्दीन कंपाउंडरला चांदा जिल्ह्यातल्या सावली गावाच्या टापूत सगळे कमरूभाऊच म्हणत. माणूस तोंडानं फटकळ, हातानं मऊ. सुई टोचताना शिव्या घालायचा आणि मग स्वतःच चोळत बसायचा. वैनगंगेकडच्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात डॉक्टर यायचे दर गुरुवारी. बाकीचे सहा दिवस कमरूभाऊच डॉक्टर, तोच नर्स, आणि झाडूही त्याच्याच हातात.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी, मुखरूला बाजेवर घालून आणलं. जंगलात तोडीला काढलेल्या कुपात साग पाडताना फांदी डोक्यात बसली होती. विशीतला गडी, हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तर तेवढा डावा हात हलायचा. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर बैलगाडीतून, आणि त्या रस्त्यानं धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी होतात. कमरूभाऊनं डॉक्टरांना चिठ्ठी धाडली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: हलवू नका, कुशीवर ठेवा, तोंडावाटे काही देऊ नका.

हे ऐकलं तशी मुखरूची आई गुणाबाई उठली. तिला वाटलं, आता संपलंच. ती तांब्या भरून घेऊन आली, पाण्यात तुळशीचं पान. आपल्याकडे जाणाऱ्याला कोरड्या तोंडानं जाऊ देत नाहीत, तेव्हा तिचं काय चुकलं सांगा. पण कमरूभाऊनं तांब्यावर हात ठेवला.

"पानी नाई द्यायचं, बाई."

"माह्या लेकराले पानी द्याले तू कोन अडवनार? तो तहानेनं गेला तं पाप कोनाले लागन?"

"मले लागू दे. मी त्याच्या मांडीत सुईनं मिठाचं पानी देऊन राह्यलो."

बाहेर बसलेल्या गाववाल्यांत कुजबुज सुरू झाली. मुसलमानानं एका आईचं शेवटचं पाणी अडवायचं म्हणजे काय, हे कमरूभाऊला कोणी सांगायला नको होतं. इथं डाफरून भागणार नव्हतं. तो तिच्याजवळ खाली बसला आणि बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते त्यानं तिला सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच एक बेशुद्ध गडी आला होता. कीव येऊन यानं त्याला चमच्यानं पाणी पाजलं. ते पोटात न जाता छातीत उतरलं, आणि तिसऱ्या दिवशी गडी तापानं गेला.

"लोक म्हनले, कमरूनं मरताना पानी तरी पाजलं. म्या पाजून मारलं बाई त्याले. गिळता येत नाई तोवर पानी म्हंजे जहर."

गुणाबाईनं तांब्या कोनाड्यात ठेवून दिला.

पुढचे तीन दिवस दोघांनी मिळून पोर सांभाळलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, तोंडातली लाळ फडक्यानं टिपायची, पाठीला तेल चोळायचं, ओलं धडुतं काढून कोरडं घालायचं. गुणाबाई बघता बघता शिकली, आणि कमरूभाऊपेक्षा चोख करू लागली. त्याला उशीर झाला तर वर चार शब्द सुनावायची.

बुधवारी दुपारी मुखरूच्या गळ्यात घरघर लागली. ओठ निळे पडले. मरणाआधीची घरघर कमरूभाऊनं पुष्कळ ऐकली होती. त्याचा धीर सुटला. निदान आईचा हक्क तरी आपण मारू नये, म्हणून तो स्वतः उठला, तांब्या भरला आणि तिच्यापुढे धरला.

"दे बाई आता."

तिनं हात पुढे केला नाही.

"त्याले गिळता येते का?"

"नाई."

"मंग काऊन देऊ? तूच सांगतलं ना जहर हाय म्हनून? का तवा खोटं बोलला?"

बोलता बोलता तिनं मुखरूचं तोंड खाली कलतं केलं, बोटाला फडकं गुंडाळलं आणि थेट घशाशी घातलं. चिकट कफाचा गोळा निघाला. पुन्हा घातलं, आणखी निघाला. घरघर थांबली आणि छाती नीट वरखाली होऊ लागली.

कमरूभाऊ तांब्या धरून उभाच. आपण आत्ता काय करायला निघालो होतो, हे त्याला कळलं. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

अकराव्या दिवशी मुखरूनं डोळे उघडले. उजवा हात लुळा राहिला तो राहिलाच, बोलणंही अडखळतच. पण जगला.

कमरूभाऊनं पुढं बावीस वर्षं नोकरी केली. डोक्याला मार लागलेला कोणी आला, की तो आधी गुणाबाईच्या गावाला माणूस धाडायचा. रोग्याकडचे विचारत, ही बाई कशाला? तो सांगायचा, "माहा धीर लवकर सुटते. तिचा सुटत नाई."