बाबा क्लिनरच्या सीटवर

माझे बाबा एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर होते. घनसावंगी, मंठा, बीड, पार सोलापूर-कोल्हापूरपर्यंत त्यांची ड्युटी लागायची. दिवाळी आली की जादा गाड्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की जादा गाड्या. म्हणजे साऱ्या जगाच्या लेकरांना मामाच्या गावी नेऊन सोडायचं आणि आपली पोरगी ओट्यावर वाट बघत बसलेली, असा कारभार. मला भयंकर राग यायचा. एकदाच काय ते मंठ्याच्या गाडीत त्यांच्या शेजारी, इंजिनाच्या तापलेल्या बॉनेटवर गोधडी टाकून बसून गेल्ते. उतरेपर्यंत बूड भाजून निघालं, पण पुढं आठ दिवस गल्लीत माझ्याएवढा तोरा कुणाचा नव्हता.

रिटायर झाल्यावर सगळ्यांना घेऊन समुद्र बघायला जायचं आणि गाडी आपणच चालवायची, हे त्यांनी कधीचं ठरवलं होतं. गाडी मी घेतली, पण तोवर त्यांना काचबिंदू झाला. डॉक्टरांनी साफ सांगितलं, स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई. नवऱ्याचं गाडं स्कूटीच्या पुढं कधी सरकलंच न्हाई. राहिले मी. गाडी शिकून दीड वर्ष झालं होतं, आणि चालवली ती घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, बास.

"मंग मी काय क्लिनरच्या सीटवर बसू?" बाबा म्हणाले.

"बसा की! क्लिनरला पण मान असतो."

ते हसले न्हाईत. आता ते न्हाईत, म्हणून खरं सांगून टाकते. त्या प्रवासात मला समुद्राचं काही पडलं नव्हतं. या माणसानं एकदा, फक्त एकदा म्हणावं की तू गाडी बरी चालवतेस, एवढ्यासाठी माझा सगळा आटापिटा होता.

सामान भरायचं काम मात्र त्यांनी कुणाला करू दिलं न्हाई. टपावर सामान चढवून, दोर आवळून तयार झालेला माणूस! निघायच्या आदल्या दिवशी सगळं ओट्यावर मांडलं. सगळ्यात शेवटी लागणार ते आधी आत, जड ते खाली, आणि बोटभर फट दिसली की तिच्यात चप्पल. नवऱ्यानं आपलं शहाणपण म्हणून एक बॅग मधेच सरकवली, तर बाबांनी अख्खी डिकी रिकामी करून पहिल्यापासून भरली. आईनं दुधातल्या चाळीस दशम्या केल्या होत्या. माणसं पाच, त्यात माझी लेक आठ वर्षांची. "अगं आई, रस्त्यात हॉटेलं असतात," म्हणलं, तर म्हणाली, "असू दे. हॉटेलं काय पळून चालली?" वर शेंगदाण्याची चटणी, धपाटे, आणि मस्तगडच्या बाजारातून आणलेली नवी पाण्याची कॅन. बाबा डिकीतल्या सामानावरच्या दोरीला गाठ मारता मारता गुणगुणत होते. इतकं खूश त्यांना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. आजही कुठं जायचं म्हणून डिकी उघडली की तो ओटा आठवतो आणि सामान भरायला नको वाटतं.

सकाळी निघालो. अंबड मागं पडलं, शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला आणि एका लिंबाखाली पहिल्या दशम्या सुटल्या. लेकीनं चार खाल्ल्या. आई माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ!" मी पण दुसरी उचलली.

बाबांनी मोबाइलचा नकाशा बंद करायला लावला होता. "तीस वर्षं मी काय झोपा काढल्या? मी हाये ना." खरंच, त्यांना रस्ता पाठ होता. पण कोणता? स्टँड ते स्टँड! बाहेरून वळणरस्ता असला तरी आमची गाडी गेवराईत स्टँडवर, बीडमध्ये स्टँडवर, तुळजापुरात स्टँडवर. गावागावाच्या गर्दीत घुसायचं आणि बाहेर पडायचं. मी दातओठ खात गिअर बदलून राह्यले होते. सोलापुरात तर कहर झाला. "डावीकडं घे. आता आत घे. बराबर. हां, लाव," ते म्हणाले आणि मी मुकाट्यानं ऐकत गेले. समोर बघते तर आम्ही सरळ स्टँडच्या आत, फलाटाला लागलेलो. वॉचमन शिट्टी फुंकत पळत येऊन राह्यला आणि तेवढ्यात एका म्हातारीनं मागचं दार उघडून गाठोडं माझ्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

"बार्शी जाती का रे?"

नवरा, लेक, आई, सगळे खो खो हसत सुटले. माझा मात्र पारा चढला. मागून बसवाले हॉर्न मारत होते, वॉचमन ओरडत होता. मी बाबांवर खेकसले, "ही तुमची बस न्हाई, बाबा! आणि तुम्ही ड्रायव्हर पण न्हाई आता!"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण काय उपयोग? बाबा काचेबाहेर बघत बसले. सांगोला गेलं, मिरज गेलं, त्यांनी "हॉर्न दे" एवढंसुद्धा म्हणलं न्हाई. मी मोबाइलचा नकाशा चालू केला. ती मोबाइलमधली बाई बोलत होती आणि बाबा गप्प होते. मला इतकी लाज कधी वाटली न्हाई. कोल्हापुरात मुक्कामाला सॉरी म्हणायला गेले आणि चहा घेता का, एवढंच विचारून परत आले. ते आपले दोरीची गाठ सोडून सगळ्यांच्या बॅगा एकेक करून काढून देत राहिले.

दुसऱ्या दिवशी आंबा घाट. मी जन्मात घाट चालवला नव्हता. त्यात सकाळचं धुकं, दहा पावलांपुढचं दिसंना. नकाशातली बाई रेंज गेल्यानं मुकी झाली. मागं आईनं देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, लेक तिला बिलगली. वळणावर एक ट्रक अंगावर आल्यासारखा आला. मी खरंच रडकुंडीला आले.

"बाबा, सांगा ना."

ते सावरून बसले. कालचं काही मनात ठेवलेलं दिसलं न्हाई. "दुसऱ्या गिअरला ठेव. ब्रेकवर उभी राहू नको, गाडीला गिअरवर उतरू दे. वळणाआधी हॉर्न, वळणात न्हाई." मी ऐकत गेले. एक वळण, दुसरं, पाचवं. हळूहळू गाडी माझं ऐकायला लागली. मंग कधीतरी ध्यानात आलं, की बाबांनी सांगायचं थांबवलं होतं आणि मी चालवून राह्यले होते.

आईला ते काय माहीत! तिचा जीव टांगणीला लागलेला. "अहो, गप काय बसलात? लक्ष द्या ना तिच्याकडं!"

बाबांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं न्हाई. पाय लांब केले, सीट थोडी मागं पाडली.

"तू डोळे मिटून पड बरं," ते आईला म्हणाले, "ड्रायव्हर चांगला हाये."

पुढं वळण आल्तं. मी हॉर्न दिला.