सुनेची झिंग्याची बरणी

माझी सून फिलिपिन्सची. वडीगोद्रीला आमच्या घरी आली तेव्हा तिच्या सामानात एक बरणी होती, तिच्या आईनं मिठात मुरवलेल्या बारीक झिंग्यांची. दुपारी ती कैरी चिरायची, फोडींना त्यातलं बोटभर लावायची आणि ओट्याशी उभ्यानंच खायची. तेवढ्या वेळात तिचा चेहरा निवायचा. ते मी रोज बघत होते.

धोंड्याचा महिना लागणार होता, जावई जेवायला येणार होते. घरात तो वास नको म्हणून मी बरणी उकिरड्यावर रिकामी केली. तिला विचारलं न्हाई. बरणी चांगली होती म्हणून घासून तिच्यात कैरीचं लोणचं भरलं.

दुपारी तिनं झाकण उघडलं आणि हातातली कैरीची फोड परत ताटलीत ठेवली.

"तुझं ते सडल्तं गं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. लोणच्याची फोड तोंडात टाकून म्हणाली, "छान झालंय, आई."

जन्मभर लोणची घातलीत मी. सडलेलं कोणतं आणि मुरलेलं कोणतं, हे मला झाकण उघडताच कळतं.