रांगेच्या शेवटी विमलताई

विमलताई पाठक यांची माझी पहिली भेट बीड बायपासपलीकडच्या माळावर झाली. तेव्हा तिथे शहर संपायचे. मुलामुलींना डोंगरात शिबिराला नेणाऱ्या आमच्या पथकाच्या नव्या स्वयंसेवकांचे ते प्रशिक्षण होते. मी नुकतीच शिक्षिका झाले होते, नवे कोरे बूट घातले होते आणि अर्थातच सगळ्यांच्या पुढे चालत होते. मागून ताईंची हाक आली, "अहो बूटवाल्या बाई, नायकाची जागा इकडं आहे. शेवटी!" सर्वांत हळू चालणाऱ्याच्याही मागे नायकाने चालायचे, म्हणजे कुणी सुटत नाही, हा त्यांचा पहिला धडा. मला तो फारसा पटला नव्हता.

कॉलेजातली पोरे, गृहिणी, कारकून, निवृत्त मास्तर अशा कितीजणांना ताईंनी नायक केले, याची यादी त्यांनीही ठेवलेली नाही. वेळेच्या बाबतीत त्या भयंकर कडक. त्यांच्या हातचा चहा, त्यांची क्षमा मागून सांगते, घशाखाली उतरत नाही. पण शिबिरात कुणाला ताप आला, की उशाशी ताईच बसलेल्या असतात आणि नंतर त्याचा उल्लेखही करत नाहीत.

दुष्काळाच्या एका वर्षी पिशोरच्या पुढे, डोंगरपायथ्याच्या एका वस्तीजवळ शिबिर होते. शिबिरनायक म्हणून माझे ते पहिलेच. वस्तीला चार दिवसांआड टँकर यायचा, तरी लोकांनी आम्हाला त्यातल्या चार घागरी दिल्या होत्या. आमच्याकडे रोज सकाळी तंबूंची तपासणी होते. ज्यांचे अंगण नेटके, त्यांना मानाचा झेंडा मिळतो. धूळ बसावी म्हणून मी मुलींना सांगितले, सडा घाला. दोन घागरी मातीत गेल्या.

वस्तीतल्या कौसाबाई ते बघत उभ्या होत्या. "आमची लेकरं घोटाघोटानं पाणी पितेत, अन् तुमी मातीला पाजता व्हय? उचला बिऱ्हाड!"

ताई पुढे झाल्या, हात जोडले. "बाई, चूक माझी. यांना मीच शिकवलंय." कौसाबाई पाठ फिरवून निघून गेल्या. मी तंबूत जाऊन पिशवी भरायला घेतली आणि ताईंना सांगितले, की मी घरी जाते, हे काम माझे नव्हे.

"जा की," ताई म्हणाल्या. "पण आधी त्यांच्या दारात जाऊन ये. पुढं तू चाल. मी मागं आहे."

वस्ती हाकेच्या अंतरावर, पण वाट संपेना. मागे ताईंच्या चपला वाजत होत्या. दारात मी सांगून टाकले, सडा घालायला मीच सांगितले, मुलींचा दोष नाही.

"ती मागची बाई म्हनती तिची चूक, तू म्हनती तुजी. नेमकी कुनाची?"

"माझी."

कौसाबाईंनी मला नीट न्याहाळले. "मंग ऱ्हावा. उद्या टँकर आला की पोरी पाठव हंडे उचलायला. म्हाताऱ्या मानसांचे लई हाल व्हतेत."

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली नाही. मुली हंडे वाहत होत्या, मीही. पिशवी पुन्हा रिकामी केली, आणि काम सोडून जाण्यासाठी ती आजवर भरलेली नाही. तेव्हापासून ताईंच्या प्रशिक्षणात पहिला तास गावाच्या पाण्याच्या रांगेत उभे राहण्याचा असतो.

आमच्या त्या माळावर आता इमारती झाल्या आहेत आणि त्यांच्या फाटकांपुढेही टँकर उभे असतात. ताईंचे गुडघे कुरकुरतात, तरी डोंगराची निदान सुरुवातीची वाट त्या चालतातच. नायक म्हणून मी रांगेच्या शेवटी असते आणि माझ्याही मागे ताई असतात.

ताई, पंचाहत्तरीच्या निमित्ताने आम्ही तुम्हाला व्यासपीठावर सगळ्यांच्या पुढे बसवणार आहोत. तुम्हाला ते आवडणार नाही, पण एक दिवस सोसा. मग आपल्या जागी परत या. गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. मला आजही चालताना भीती वाटते, ताई. मागे तुमच्या चपला वाजत आहेत ना, एवढे ऐकते आणि पाऊल टाकते. तो आवाज अजून खूप खूप वर्षे ऐकू येवो.