शेजारच्या ऑर्गनमधला आवाज

२००३ साली मी अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनमध्ये एका टाउनहाउसात एकटा राहत होतो. शेजारच्या घराची आणि माझी भिंत एकच. पलीकडे पंच्याहत्तरीच्या एक बाई राहत. शाळेत संगीत शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. घरीही त्यांचा जुना इलेक्ट्रिक ऑर्गन होता. माझ्या पहिल्या हिवाळ्यात बर्फात रुतलेली गाडी कशी काढायची, हे त्यांनीच माझ्या हातात फावडं देऊन शिकवलं होतं.

सीबी रेडिओचा नाद मला कॉलेजच्या एका मित्राने लावला. ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतात तो हा रेडिओ. लायसन्स लागत नाही, पण चार वॅटपेक्षा जास्त ताकद वापरायला कायद्याने बंदी. मित्र रोज संध्याकाळी ऑफिसातून तासभर ड्राइव्ह करून घरी जायचा. दोघांनी ट्रक स्टॉपवरून सारखेच सेट घेतले. एक त्याच्या गाडीत, एक माझ्या घरी. दिवसभर इंग्रजीत मीटिंगा केल्यावर त्या खरखरीतून मराठी ऐकू आलं की माझा जीव भांड्यात पडायचा.

छपरावर अँटेना लावायला आमच्या कॉलनीत मनाई होती. म्हणून मी तो लपूनछपून पोटमाळ्यावर उभा केला. उंची फक्त सामाईक भिंतीपाशी मिळत होती. दोन रविवार घालवून, मीटरवर बघत, नेमकी लांबी साधेपर्यंत थोडं थोडं टोक कापत मी तो जुळवला. तरी मित्र आठेक मैलांपलीकडे गेला की माझा आवाज त्याच्याकडे पोचेना. मग मी अ‍ॅम्प्लिफायर आणला. चाराचे शंभराच्या वर वॅट झाले. हे बेकायदेशीर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

महिन्याभराने बाई टपालपेटीपाशी भेटल्या. म्हणाल्या, ‘माझा ऑर्गन बोलायला लागलाय. मी वाजवत नसते, नुसता चालू असतो. सहा-साडेसहाला एका पुरुषाचा आवाज येतो. भाषा माझ्या ओळखीची नाही.’

‘काय बोलतो?’ मी विचारलं.

त्यांनी डोळे मिटले आणि म्हटलं, ‘आयकू येटे का.’

उच्चार वाकडा होता, पण चढउतार हुबेहूब माझा. मित्राला मी रोज दहा वेळा हेच विचारत होतो, ऐकू येतंय का. ताकद जास्त असली की जवळच्या कुठल्याही स्पीकरमध्ये आपला आवाज शिरू शकतो, हे मी वाचलं होतं.

‘जुन्या यंत्रांचं होतं असं कधी कधी,’ एवढं बोलून मी घरात आलो. त्या दिवसापासून मी रेडिओवर हळू आवाजात बोलायला लागलो, जणू त्याने काही फरक पडणार होता.

दोन आठवड्यांनी त्यांची मुलगी माझ्या दारात आली. ती क्लीव्हलंडला राहायची. सरळ मुद्द्यावर आली. ‘आईला ऑर्गनमधून परक्या भाषेत कोणीतरी बोलताना ऐकू येतं. मी काल आणि परवा संध्याकाळी बसून राहिले, मला काही ऐकू आलं नाही. तुमची भिंत लागूनच आहे. तुम्ही कधी काही ऐकलंत?’

त्या दोन्ही दिवशी मित्र रजेवर होता, म्हणून मी रेडिओ लावलाच नव्हता. मला एक वाक्य बोलायचं होतं. पण माझं ग्रीन कार्डाचं काम चालू होतं. कायदा मोडल्याची तक्रार झाली तर काय, ही भीती होती.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मी काहीच ऐकलं नाही.’

ती मान हलवून गेली. त्याच संध्याकाळी मी अ‍ॅम्प्लिफायर सोडवून खोक्यात भरला. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, ‘बंद केलंस ना यार? मग विषय संपला.’

विषय संपला नव्हता. डॉक्टरांनी बाईंना भास थांबवायच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. मी त्याच आठवड्यात आवाज बंद केला, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. बाईंनाही तसंच वाटलं. ‘आवाज गेले,’ त्या मला म्हणाल्या. ‘म्हणजे मुलीचं खरं होतं. माझंच डोकं बिघडलं होतं.’ गोळ्यांमुळे त्यांचे हात थरथरायला लागले होते. भिंतीपलीकडून येणारे सूर चुकायला लागले, मग वाजवणंच थांबलं. शरद ऋतू येईपर्यंत चर्चमध्ये त्यांच्या जागी दुसरी बाई आली.

मी हे पाच महिने बघत राहिलो. एका शनिवारी त्यांच्या दारात मुलीची गाडी दिसली. सामान हलवायची खोकी आत जात होती. मी अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा जोडला, पलीकडे जाऊन दोघींना ऑर्गन चालू करून त्याच्याजवळ बसायला सांगितलं, आणि घरी परत येऊन माइकवर बोललो. काय बोललो ते आठवत नाही. माफी मागितली असावी, मराठीतच.

पुन्हा गेलो तेव्हा मुलगी दारातच उभी होती. ‘मी तुम्हाला विचारलं होतं,’ ती म्हणाली. ‘इथे उभं राहून विचारलं होतं.’ त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही.

आतून बाईंचा आवाज आला. ‘त्याला आत येऊ दे.’ त्या ऑर्गनसमोर बसल्या होत्या. ‘म्हणजे मी ठीकच होते,’ त्या म्हणाल्या. राग नव्हता. मला राग हवा होता.

डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या बंद केल्या. हातांची थरथर बरीचशी गेली. चर्चमधली जागा मात्र परत मिळाली नाही. त्यांनी मागितलीच नाही. वसंतात त्या मुलीकडे राहायला गेल्या. कदाचित तशाही गेल्या असत्या, असं मी स्वतःला सांगून बघतो. ते पटत नाही.